फोन खालच्या माणसाजवळ

माझा फोन मी कोणाच्याही हातात देत नाही. मुलगी म्हणते, "बाबा, दोन मिनिटं द्या ना, मैत्रिणीला नोट्स पाठवायच्या आहेत," तर मी म्हणतो, तू सांग, मी पाठवतो. ती वैतागते. बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "काही लफडं लपवून ठेवलं असंन त्यात!" तिला सगळं ठाऊक आहे. चिडवायची संधी ती सोडत नाही, एवढंच.

नागपूरला वीज ऑफिसच्या तक्रार खिडकीवर मी बसतो. लोक येतात, लाईन कधी येईल विचारतात, मी कम्प्युटरात पाहून सांगतो. डोक्यावर पंखा, चहा वेळेवर. नातेवाईक म्हणतात, सुटला बिचारा उन्हातून. पण ही खुर्ची मला शिक्षा म्हणून मिळालेली आहे. मूळचा मी लाईनमन. नरखेड तालुक्यात सोळा वर्षं खांबांवर काढली आणि मला ते काम आवडायचं. आता माझ्या फाईलमध्ये लिहिलेलं आहे की हा कर्मचारी निष्काळजी आहे, त्याला खांबावर चढू देऊ नये. ते खोटं आहे. बायकोलाही ते ठाऊक आहे, पण ते खोटं आहे हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस माझ्याखेरीज जगात एकच. त्यानेच मला चढायला शिकवलं.

त्यांना मी भाऊ म्हणायचो. आता लिहिताना आदराने 'ते' म्हणावं की सरळ 'तो' म्हणावं, यावर मी बराच वेळ अडलो. सवय मोडत नाही म्हणून 'ते'च म्हणतो. आदर वगैरे काही उरलेला नाही.

पहिल्या दिवशी भाऊंनी मला चढूच दिलं नाही. खाली उभं करून तारेकडे बोट दाखवलं. "ही तार जिवंत हाये का मेलेली?"

"मेलेली," मी म्हणालो.

"कायावरून?"

"तुम्हीच तर सांगतलं, बंद केली म्हणून."

"मंग माह्या सांगण्यावर मरशील का?"

भाऊ तंबाखू मळत म्हणाले, "कोणाच्या तोंडावर भरोसा ठेवाचा नाही. माह्या बी नाही. डोळ्यानं पाहाचं, काठीनं तपासाचं, साखळी टाकाची, मंगच तारेले हात लावाचा."

ही साखळी म्हणजे तांब्याच्या तारेचा जाड दोर. त्याचं एक टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधायचं आणि बाकीची टोकं वरच्या तिन्ही तारांना अडकवायची. बंद केलेल्या लाईनमध्ये चुकून वीज आलीच, तर ती माणसाला सोडून साखळीतून जमिनीत उतरते. पुष्कळ जण कंटाळा करतात. पाच मिनिटांच्या कामासाठी एवढं वजन कोण वर नेणार? मी मात्र सोळा वर्षांत एकदाही साखळीशिवाय तारेला हात लावला नाही. भाऊंचा धाकच तसा होता.

त्याच्याही आधी परमिट. सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन करायचा, तो लाईन बंद करतो आणि रजिस्टरात लिहितो की अमक्याने परमिट घेतलं. काम संपलं, माणूस खाली उतरला, की ज्याने परमिट घेतलं त्यानेच फोन करून परत करायचं. दुसरं कोणी, अगदी साहेब जरी म्हणाला, तरी ऑपरेटरने लाईन सोडायची नाही.

आणि एक रीत आमच्यात होती, ती कुठल्या पुस्तकात नाही. भाऊंनीच पाडलेली. पूर्वी आमच्यातल्या एकाचा फोन खांबावर असताना वाजला, त्याचा हात खिशाकडे गेला आणि पाय सुटला. पट्ट्याने वाचला. तेव्हापासून वर चढणाऱ्याने फोन खालच्या माणसाच्या हातात द्यायचा. "वर दोन हात न् एक डोकं, बस," भाऊ म्हणायचे. "फोन खालच्या माणसाजवळ." चढायच्या आधी आमचा हात आपोआप खिशात जायचा आणि फोन पुढे व्हायचा. देवळात जाताना चपला काढाव्यात, तितकं ते सवयीचं झालं होतं.

मे महिन्याची गोष्ट आहे. आंबिया बहाराची मोसंबी लिंबाएवढी झालेली. अशा दिवसांत चार पाण्यांतलं एक चुकलं तरी झाडाखाली फळांचा सडा पडतो, म्हणून सकाळपासून आमचे फोन थांबत नव्हते. मुख्य लाईनमधून फुटणाऱ्या एका फाट्यावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर फुटला होता. तो बदलेपर्यंत मुख्य लाईनच बंद ठेवायची, म्हणजे सगळ्याच शिवारातले पंप बंद. भाऊंच्या मुलीचं सासर त्याच शिवारात, त्यांच्या बागेचा पंप मुख्य लाईनवर. व्याह्यांचा फोन माझ्यासमोर दोनदा आला. दोन्ही वेळा भाऊ उभे राहून बोलले. "हो जी. अर्ध्या घंट्यात सोडतो जी." मुलीच्या सासरचा फोन आला की हा माणूस वाकायचा. एरवी आमदाराच्या माणसालाही उभं करायचा नाही.

मी माझ्या फोनवरून परमिट घेतलं, फोन भाऊंच्या हातात दिला आणि चढलो. वीज आहे का ते दाखवणाऱ्या काठीने तपासलं, साखळी टाकली. भाऊ खालून म्हणाले, "दोन खांब मागचा स्विच बी खोलून येतो गा. डबल पक्कं." फाटा जिथून सुटतो त्या खांबावर हा स्विच असतो. खालून दांडा ओढला की वर तीन पाती उघडतात आणि फाटा मुख्य लाईनपासून वेगळा होतो. मला बरं वाटलं. आपल्यासाठी म्हातारा उन्हात दोन खांब चालत जातोय, असं मनात आलं. हे आठवलं की मला स्वतःचाच राग येतो.

जुना इन्सुलेटर सोडवून मी नवीन बसवत होतो. तेवढ्यात माझ्या डाव्या हाताला, जिथे साखळी तारेला अडकवली होती तिथे, पांढरा जाळ झाला आणि कानठळ्या बसल्या. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. मी पट्ट्याला लोंबकळत होतो. डोळे उघडले की नुसतं पांढरं दिसत होतं. मानेची कातडी चटचटत होती आणि खालून भाऊ "बाप्पा रे! बाप्पा रे!" असं ओरडत होते. शेतातल्या माणसांनी दोराने मला उतरवलं. साखळी नसती तर त्यांनी प्रेत उतरवलं असतं.

आधी काटोल, मग नागपूर. रामदासपेठेतल्या दवाखान्यात मी होतो तेव्हा माझ्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या, मान भाजलेली, डावा खांदा निखळलेला. भाऊ एक दिवस हलले नाहीत. बायको रात्री थांबायची, दिवसा ते. मोसंबीचा रस काढून आणायचे, स्वतःच्या हाताने पाजायचे, सांडला तर हनुवटी पुसायचे. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, नशीबवान हो तुम्ही, वडील एवढं करतात. मी त्यांची समजूत दुरुस्त केली नाही.

"लाईन आली कुठून?" मी रोज विचारायचो.

"ऑपरेटरनं सोडली, आणखी कुठून? झोपीत असंन लेकाचा," भाऊ म्हणायचे. मीही मग पडल्या पडल्या त्या ऑपरेटरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो.

पाचव्या दिवशी मला राहवेना. बायको अजून घरी निघाली नव्हती, भाऊ रस आणायला खाली गेले होते. मी बायकोला म्हणालो, माझ्या फोनवरून सबस्टेशनला फोन लाव, मला त्या माणसाशी बोलायचं आहे. तिने नंबर शोधला आणि थांबली.

"कोणता लावू? त्या दिवशी तुमी दोनदा केलेला दिसते."

"एकदाच केला."

"नाही ना. एक दहा चाळीसचा. एक अकरा वीसचा. दोन्ही इथूनच गेलेले."

अकरा वीसला मी वर होतो. माझ्या एका हातात पाना होता, दुसऱ्यात इन्सुलेटर. मी तिला पुन्हा वाचायला लावलं. तिने पुन्हा तेच वाचलं, आणि या वेळी तिचाही आवाज बदलला.

तेवढ्यात दार वाजलं. चालीवरून मी भाऊंना ओळखलं. ग्लास माझ्या ओठांना लागला तेव्हा मी विचारलं, "भाऊ, अकरा वीसले माह्या फोनवरून कोणं परमिट परत केलं?"

ग्लास ओठांवरून गेला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. पट्ट्यांमुळे मला त्यांचं तोंड दिसलं नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्या एका क्षणी मला ते पाहायचं होतं.

"स्विच तर खोलला होता ना गा मी," ते हळू आवाजात म्हणाले. "फाटा अलग झाला होता. तुह्याकडं लाईन येतच नव्हती. मुख्य लाईन सोडली तर बाकीच्यायले पाणी भेटते, असा इचार केला."

"तिन्ही पाती पाहिली?"

ग्लास स्टुलावर ठेवल्याचा आवाज आला.

"भाऊ, वर मान करून तिन्ही पाती पाहिली का?"

"उन्हानं डोळे दिपत होते."

दोन पाती उघडली होती. तिसरं गंजून चिकटलेलं होतं, त्यातून वीज माझ्यापर्यंत आली. ज्या माणसाने मला डोळ्याने पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नको म्हणून शिकवलं, त्याने मान वर केली नाही. तेही एक वेळ मी सोडून दिलं असतं. चूक कोणाच्याही हातून होते. पण मला विचारलं का नाही? दोन खांबांवरून एक हाक मारली असती तर मी खाली उतरलो असतो. त्यांना माहीत होतं की मी उतरल्याशिवाय परमिट परत करणार नाही. म्हणून त्यांनी माझ्याच फोनवरून, माझ्या नावाने, ते परत केलं. ऑपरेटरने माझा नंबर पाहिला आणि विश्वास ठेवला.

भाऊ रडायला लागले. त्यांनी चादरीवरून माझे पाय धरले. "आठ महिने राहिले गा रिटायर व्हायले. आता चूप राय. चौकशीत मी सोता सांगतो सगळं. पोरीची शप्पथ."

बायको म्हणाली, आत्ताच्या आत्ता ऑफिसात कळवा. मी म्हणालो, थांब, भाऊ सांगतील. त्यांनी मला शिकवलेली पहिलीच गोष्ट ही होती की कोणाच्या तोंडावर भरोसा ठेवायचा नाही, त्यांच्याही नाही. मी सोळा वर्षं ती पाळली आणि नेमकी त्या दिवशी विसरलो.

डोळ्यांच्या पट्ट्या सुटल्यावर चौकशी काटोलला झाली. चौकशीचे साहेब भले गृहस्थ होते, पण खांबावर चढलेले नव्हते. त्यांच्यासमोर रजिस्टर होतं. त्यात परमिट माझ्या नंबरवरून घेतलेलं आणि माझ्याच नंबरवरून परत केलेलं. ऑपरेटर म्हणाला, "नंबर यांचाच होता साहेब. हवा सुरू होती, आवाज नीट आला नाही. काम झालं, सोडून दे, एवढं ऐकू आलं."

मी जे घडलं ते सांगितलं. बायकोने दवाखान्यात काय ऐकलं तेही सांगितलं, पण घरच्या माणसाची साक्ष साहेबांनी धरली नाही. फोन भाऊंजवळ होता, तीच आमची रीत आहे, हेही मी सांगितलं. साहेबांनी विचारलं, अशी रीत कुठे लिहिलेली आहे? मी म्हणालो, लिहिलेली नाही. मग ते भाऊंकडे वळले.

"त्यांचा फोन कोणाजवळ होता?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या काचेकडे पाहत म्हणाले, "ज्याचा फोन त्याच्याजवळच राह्यते साहेब. मी दोन खांब मागं होतो. मले काही मालूम नाही."

मी उठून उभा राहिलो. साहेबांनी हाताने बसायची खूण केली. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. जाळाने जेवढी मान भाजली होती, त्याहून जास्त ते एक वाक्य भाजलं, आणि त्याला कुठलं मलम लागलं नाही. निकालात आलं की कर्मचाऱ्याने नियम मोडून फोन खांबावर नेला आणि साखळी न काढताच वरून परमिट परत केलं. माझ्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे तो अकरा वीसचा फोन. तोच माझ्यावर उलटला.

मला नागपूरच्या खिडकीवर बसवलं. भाऊ आठ महिन्यांनी शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले. समारंभाचा फोटो ग्रुपवर आला, त्याखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'एकही अपघात न होऊ देणारे आपले भाऊ'. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. मी फोन उलटा करून ठेवला.

निवृत्तीनंतर चारेक महिन्यांनी त्यांचा फोन आला. उचलावा की नाही, असं झालं. उचलला.

"येजो इतवारी," ते म्हणाले. "लिहून देतो. आता माह्यं कोण काय करते? जीवाले खाऊन राहिलं गा हे."

त्यांनी एका कागदावर खरं लिहून सही केली असती, तर माझी फाईल पुन्हा उघडली असती. वकिलाला विचारून ठेवलं होतं मी. मला पुन्हा खांबावर चढता आलं असतं. बायको म्हणाली, "दुधानं तोंड पोळलं, तरी तुमी ताक फुकून पिऊन नाही राहिले." पण रविवारी सकाळी तिनेच कोरे कागद आणि दोन पेनं प्लास्टिकच्या पाकिटात घालून दिली. एक चाललं नाही तर दुसरं असावं म्हणून.

एसटीने काटोल, तिथून नरखेड, पुढे त्यांच्या गावच्या एका माणसाच्या मोटारसायकलवर मागे बसून. भाऊ अंगणातच उभे होते. वाळले होते. घरात लाईट नव्हती. खांबावरून घरात येणारी तार ढिली झाली होती आणि नवा लाईनमन संध्याकाळशिवाय येणार नव्हता.

"आधी हे पाहून घेतो," ते म्हणाले. "मंग पंख्याखाली बसून निवांत लिहू."

शिडी भिंतीला लावलेलीच होती. त्यांचे पाय थरथरताना पाहून मी म्हणालो, "द्या, मी चढतो."

"तू नको," भाऊ म्हणाले. "तुले तर बंदी हाये ना."

ते टोमणा मारत नव्हते. काळजीने, सहज बोलले, मला बंदी जणू पावसापाण्यासारखी कुठून तरी आलेली. मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो.

ट्रान्सफॉर्मर घराच्या कोपऱ्यावरच होता. भाऊंनी पेटी उघडून तिन्ही फ्यूज उपसले आणि माझ्या हातावर ठेवले. फ्यूज खालच्या माणसाच्या खिशात असले की मधेच कोणी लाईन जोडू शकत नाही. मग खांबाला शिडी टेकवली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि त्यांचा हात खिशात गेला. फोन पुढे आला. मी तो घेतला. ते चढले.

माझ्या एका खिशात त्यांचे तीन फ्यूज आणि हातात त्यांचा फोन. वर तो म्हातारा तार घट्ट करत होता, आणि त्याने एकदाही खाली वळून पाहिलं नाही. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आलं की किती सोपं असतं. एक फ्यूज, पेटीपाशी दोन पावलं. मला घाम फुटला. करायचं म्हणून नाही. मी ते करणारच नाही अशी त्यांना पक्की खात्री होती म्हणून. मी कसा माणूस आहे हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या दिवशीही ठाऊक होतं. ठाऊक असूनच त्यांनी माझ्या फोनचं ते बटण दाबलं होतं.

हातातला फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, 'व्याही'. मी उचलला नाही, कापलाही नाही. वाजून वाजून तो बंद पडला.

भाऊ दमून खाली आले. पेटीपाशी जाऊन मी फ्यूज त्यांच्या हातावर ठेवले, त्यांनी बसवले. घरातला पंखा फिरायला लागल्याचा आवाज अंगणापर्यंत आला. मी कागदाचं पाकीट काढलं. भाऊंनी ते पाहिलं आणि घाम पुसत म्हणाले, "पेन्शनची फाईल अजून अडकेलच हाये गा. अन् पोरीच्या सासरी समजलं तर… तुही नोकरी तर चालूच हाये ना. पंख्याखाली हायेस. आणखी थोडे दिवस जाऊ दे."

मी पाकीट परत पिशवीत ठेवलं. त्यांचा फोन पुढे केला. तो घेताना ते समाधानाने हसले, अगदी पूर्वीसारखे.

"तुह्या हातात फोन असला का खालची काही फिकर राह्यत नाही गा," ते म्हणाले.

"मलेही तसंच वाटे, भाऊ," मी म्हणालो.

त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण डोळे खाली गेले. आतून चहाला हाक आली. मी चहा घेतला नाही. कोरे कागद घेऊन फाट्यापर्यंत चालत आलो आणि साडेतीनची एसटी पकडली.